गिधाड, उसाचा फड आणि दुखीची गोळी

करमाळा तालुक्यातल्या जेऊरजवळ उजनी धरणाचा फुगवटा आहे. त्या पाण्याच्या जिवावर परिसरात ऊस आणि केळी उभी असते. हंगाम सुरू झाला की फडात दिवसभर वाकून कोयता चालवणाऱ्याची कंबर संध्याकाळी बोलायला लागते. मग मेडिकलमधून दुखीची गोळी येते. तिच्यात अनेकदा डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असतं.

गोळीला कंबर कुठली हे कळतं कसं? ते तिला कळतच नाही! ती रक्तातून डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सगळीकडे फिरते. दुखावलेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. त्यांच्यामुळे सूज येते, ठणका वाढतो. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं या द्रव्यांचं उत्पादनच थांबवतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ चं नोबेल त्यांना या द्रव्यांवरच्या कामासाठी विभागून मिळालं.

पण हीच द्रव्यं किडनीत राखणदारी करत असतात, आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही आहे. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मुठीएवढ्या या दोन अवयवांकडे जातो. तिथे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतला जातो. एकेका किडनीत अशा सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. प्रत्येकीला रक्त आत येण्याची एक वाट आणि बाहेर जाण्याची एक. उसाला पाणी देणाऱ्याला हे सांगायला नको: आतलं दार मोकळं आणि बाहेरचं थोडं आवळलेलं असलं, तरच सरीत पाणी तुंबतं, जमिनीत मुरतं.

उन्हात घाम गळून अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे रक्त कमी येऊ लागतं. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन आतलं दार उघडं धरून ठेवतात. नेमकी तेव्हाच दुखीची गोळी घेतली, तर दार धरणारा हातच सुटतो. एनालाप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या बाहेरचं दार सैल करतात. लघवी वाढवणारी गोळी अंगातलं पाणी आणखी कमी करते. तिन्ही एकत्र आल्या की किडनी अचानक बसू शकते. निरोगी, पाणी नीट पिणाऱ्या माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही. धोका आहे तो रोजच्या सवयीत, तहानलेल्या अंगात आणि या तिन्ही गोळ्या एकत्र येण्यात.

डायक्लोफिनॅकने किडनीचं काय होऊ शकतं, हे आपल्या आकाशानेही पाहिलं. जनावरांना हे औषध टोचलं जायचं. उपचारानंतर लवकर मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात दीड दशकात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ मध्ये उमगलं, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडाचं शरीर आपल्याहून फार नाजूक ठरलं. आपल्याला पेलणारी मात्रा त्याला पेलत नाही.

जेऊरच्या कुणा आजीला गुडघ्यासाठी गोळी हवी असेल, तर दुकानदाराला बीपीच्या गोळ्यांचं पाकीट दाखवावं आणि डॉक्टरांना विचारावं. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. पाकिटावर कंपनीने दिलेलं नाव असतं आणि औषधाचं खरं नाव वेगळं असतं. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध निघू शकतं. पाकिटावरची लाल उभी रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नव्हे. पॅरासिटामॉल किडनीच्या बाबतीत बरंच सौम्य आहे, पण तेही मात्रेबाहेर गेलं तर यकृत जाळतं, आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांत ते आधीच घातलेलं असतं. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या बिनलेबलच्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉईड किंवा वेदनाशामक मिसळलेलं सापडलं आहे. त्यामुळे तासाभरात ठणका गेला, तर त्या पुडीत काय आहे हे आधी विचारा.