हेडर बदलण्याआधी इंजिन ओळखा

मे महिन्याच्या सुट्टीत मी कुंभकोणमला मामांकडे होतो. माझ्या आईचे माहेर तिथले. व्यंकोजीराजांच्या वंशाचे राज्य असताना तंजावर भागात अनेक मराठी घराणी स्थायिक झाली, त्यांपैकी हे एक. जवळचे नाचियारकोविल हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. मामा आपल्या पिकअपमधून तिथल्या समया बाहेरगावच्या दुकानांत पोहोचवतात.

या वेळी गाडी आजारी होती. सकाळी इंजिन सुरू केले की ‘टक्-टक्-टक्’ असा आवाज यायचा आणि इंजिन तापल्यावर तो कमी व्हायचा. माल भरला की गाडी ओढत नव्हती. केबिनमध्ये धुराचा वासही येत होता. तपासल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेल्याचे दिसले. एका वर्कशॉपमध्ये तो वेल्डिंग करून घेतला, पण आठ दिवसांत तडा पुन्हा उघडला. मग मामेभावाने मोबाइलवर चकचकीत स्टीलचा हेडर दाखवला आणि म्हणाला, “हाच बसवू, पॉवरपण वाढेल.” मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “पैसे एकदाच घालायचेत. तू फिजिक्स शिकतोस ना? नीट बघून सांग.”

आधी मॅनिफोल्ड म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक सिलिंडरमधून जळलेला वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. हे सगळे वायू एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. कंपनी तो बहुधा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा बनवते. तो आटोपशीर, टिकाऊ आणि स्वस्त असतो. हेडरमध्ये त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, ठरावीक लांबीची नळी असते. पुढे या नळ्या एका ठिकाणी जुळतात.

स्वतंत्र नळीचा फायदा काय? वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला असे १०० धक्के बसतात. एक धक्का नळीच्या टोकाशी पोहोचला की तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते. व्हॉल्व्ह मिटण्याआधी ती परत आली, तर सिलिंडरमध्ये उरलेला वायू ओढला जातो आणि ताज्या हवेला जागा मिळते.

पण वेळ जुळली पाहिजे. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मीटर असतो. नळी ८० सेंटीमीटर असेल तर लाटेला जाऊन यायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ३००० फेऱ्यांवर क्रँक साधारण ५० अंश फिरतो आणि ६००० फेऱ्यांवर १०० अंश. म्हणजे एक लांबी सगळ्या वेगांना चालत नाही. ढोबळ नियम असा, की लांब नळ्या कमी आणि मधल्या वेगाला ताकद देतात, तर आखूड नळ्या जास्त वेगाला.

नळ्यांची जुळणीही महत्त्वाची आहे. चार सिलिंडरचा नेहमीचा ज्वलनक्रम १-३-४-२ असा असतो. म्हणून ४-२-१ प्रकारात १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी जोडी करतात. त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याला आडवा येत नाही. ओझे वाहणाऱ्या पेट्रोल गाडीला हा प्रकार बरा. ४-१ प्रकार शर्यतीच्या, जास्त फेऱ्यांच्या इंजिनांना शोभतो. आपल्या लष्करात वर्षानुवर्षे वापरलेली जोंगा घ्या. तिला सहा सिलिंडरचे, जवळपास चार लिटरचे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन होते. अशा इंजिनावर पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन नळ्या वेगळ्या गोळा करणारा हेडर खरोखर उपयोगी पडू शकतो.

मामांची पिकअप मात्र टर्बो डिझेल आहे आणि इथेच सगळा हिशेब बदलतो. तिचा टर्बो थेट मॅनिफोल्डवर बसतो आणि बाहेर जाणाऱ्या वायूच्या उष्णतेवर आणि दाबावर फिरतो. त्यामुळे सिलिंडरपासून टर्बोपर्यंतचा रस्ता जेवढा आखूड आणि गरम, तेवढा टर्बो लवकर जागा होतो. लांब, पातळ नळ्यांतून वायू थंड होतो. वर टर्बोचे वजन पेलायचे असते, ते जाड बीड सहज पेलते. मामांची गाडी बहुतेक वेळ १५०० ते २५०० फेऱ्यांत चालते. तिथे हा हेडर पॉवर वाढवणार नव्हता, आवाज मात्र वाढला असता.

ज्यांना खरोखरच हेडर घ्यायचा आहे त्यांनी धातूकडे लक्ष द्यावे. साधे पोलाद स्वस्त असते पण गंजते. ४०९ प्रतीचे स्टेनलेस गंजाला बऱ्यापैकी तोंड देते, मात्र फारसे चमकत नाही. ३०४ प्रतीचे चमकते आणि टिकतेही, पण तापल्यावर जास्त वाढते. ६० सेंटीमीटरची नळी ५०० अंशांनी तापली तर ३०४ सुमारे ५ मिलिमीटर वाढते आणि साधे पोलाद सुमारे ४. वाढायला जागा नसेल तर वेल्डिंगचे जोड तडकतात. नळी १.२ ऐवजी १.६ मिलिमीटर जाडीची आणि फ्लँज जाड घ्यावी. पातळ फ्लँज तापून वाकते आणि गळती पुन्हा सुरू होते.

कायदाही पाहावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सायलेन्सर आणि आवाजाचे नियम वेगळे आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि सेन्सर असतात. ते काढणारा हेडर घेऊच नये.

आता उरला तो खरा प्रश्न: तडा मुळात का गेला? मी आणि मेकॅनिककाका गाडीखाली शिरलो. सायलेन्सरचा पाइप लटकवणारा रबरी हँगर तुटलेला होता. पाइपचे वजन आणि हादरे सरळ टर्बो आणि मॅनिफोल्डवर येत होते. वेल्डिंग का टिकले नाही, तेही काकांनी सांगितले. बिडात कार्बन जास्त असतो. आधी सगळा भाग तापवून आणि नंतर सावकाश थंड करून वेल्डिंग केले नाही, तर जोडाशेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो.

आम्ही मूळ मापाचा बिडाचा नवा मॅनिफोल्ड, नवे पॅकिंग, नवे स्टड-नट आणि तो छोटा हँगर घेतला. काकांनी हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने सपाटपणा तपासला. मग टॉर्क पान्याने मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने नट आवळले. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘टक्-टक्’ नव्हते आणि केबिनमधला वासही गेला होता.

हा वास पालकांनीही हलका समजू नये. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा वास नसतो, पण तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. केबिनमध्ये धूर जाणवला तर प्रवास थांबवून आधी गळती शोधावी.

परतायच्या दिवशी मामांनी मला त्याच गाडीतून स्टेशनवर सोडले. मागे समया भरलेल्या होत्या. माझा भाऊ अजूनही म्हणतो, की हेडर जास्त ऐटदार दिसला असता. दिसला असता, यात शंका नाही. पण तुटलेला हँगर तसाच राहिला असता, तर तोही तडकला असता.