समासातलं पॅरिस

गाब्रिएल द सँतोबँ (१७२४–१७८०) हा फसलेला चित्रकार, असं त्याच्याबद्दल फार काळ म्हटलं गेलं आणि ते अगदीच खोटं नाही. रोमला जाण्याच्या शिष्यवृत्तीसाठी १७५२ साली चित्रकार फ्रागोनारनं त्याला मागे टाकलं, पुढेही यश आलं नाही. शाही अकादमीचा तो सभासद कधीच झाला नाही. पुराणकथांची भव्य चित्रं सोडून खिशातल्या कागदावर पॅरिस टिपत हिंडणं हा मात्र त्याच्या अपयशाचा पुरावा मानायला नको. कुणी मागितलं नव्हतं तेच त्यानं टिपलं, म्हणून तर ते आज दुसरीकडे सापडत नाही.

लूव्रमधलं ‘सालाँ’ हे अकादमीचं प्रदर्शन त्या काळी वर्षाआड भरे. तिथे मिळणाऱ्या छापील पुस्तिकेत चित्राचा क्रमांक, विषय आणि चित्रकाराचं नाव असे, चित्र नसे. सँतोबँ समासात, त्या त्या नोंदीशेजारी, नखाएवढ्या जागेत ते चित्र काढी. लिलावांच्या याद्याही त्यानं अशाच भरल्या. शार्दँसारखा चित्रकार एकच विषय पुन्हा पुन्हा रंगवी. अशा वेळी प्रदर्शनात नेमकं कोणतं चित्र होतं, हे त्या नखाएवढ्या रेखाटनावरूनच ओळखू येतं. पुस्तिकेतली यादी चित्रकारांच्या मानाप्रमाणे लावलेली. त्यामुळे भिंतीवर कशाशेजारी काय टांगलं होतं हे तिच्यातून कळत नाही; ते सांगतं सँतोबँचं १७६५च्या सालाँचं जलरंगचित्र.

घाईत काढणाऱ्या, मधूनच रूपकातल्या देवदेवता घुसवणाऱ्या हातावर विश्वास का ठेवावा, हा आक्षेप रास्त आहे. त्याच्या रेखाटनावरून अंतरं मोजू नयेत, हे खरंच. पण त्यानं समासात टिपलेली अनेक मूळ चित्रं टिकली आहेत. ताडून पाहिलं की मांडणी जुळते. देवदेवता तर वेगळ्या ओळखताच येतात. दुसरा आक्षेप असा, की पॅरिस इतरांनीही चितारलं. हो, पण बहुधा सजवून. १७६०च्या त्याच्या त्विलरी बागेच्या जोड-छापचित्रांत एकीकडे बसायच्या खुर्च्या आहेत, दुसरीकडे धूळ बसवायला पाणी शिंपडणारं पिंप. उमरावांच्या फेरफटक्यामागे कुणीतरी खुर्च्या मांडतं आणि रस्ता ओला करतं, ही गोष्ट रोमच्या शिष्यवृत्तीसाठी कुणी रंगवली नसती.