कर्नाळ्याचे पक्षिधन

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाने सुमारे १२ किलोमीटर गेले, की अंगठ्यासारखा एक प्रचंड सुळका डोंगरमाथ्यावर उभा दिसतो. हाच कर्नाळा किल्ला. शिवाजी महाराजांनी तो १६५७ साली घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांस द्यावा लागला आणि १६७० साली पुन्हा स्वराज्यात आला. आज गडावर पहारेकरी नाहीत. परंतु पायथ्याचे रान पाखरांनी गजबजलेले असते. १९६८ साली शासनाने हे रान पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून राखून ठेवले. त्या वेळी त्याचे क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते. २००३ साली ते वाढवून सुमारे बारा चौरस किलोमीटर करण्यात आले.

एवढ्या लहानशा रानात दीडशेहून अधिक जातींचे पक्षी आढळतात. याचे कारण रानाच्या रचनेतच आहे. उंच वृक्षांच्या शेंड्यांवर फळे खाणाऱ्या हरियालांचे थवे उतरतात. मधल्या फांद्यांवरून स्वर्गीय नर्तक आपली लांब पांढरी शेपटी झुलवीत माश्या टिपतो. खाली ओढ्याकाठच्या दगडांवर शीळकरी कस्तूर बसतो आणि पहाटे माणसासारखी शीळ घालतो. प्रत्येकाचे अन्न निराळे, जागा निराळी. म्हणून एकाच रानात सर्वांचा निर्वाह होतो. भृंगराज तर फार चतुर. त्याच्या शेपटीच्या दोन लांब पिसांच्या टोकांस पाकळीसारखी चकती असते. इतर पक्षी पाला चाळू लागले, की तो त्यांच्या मागे राहतो आणि उडालेले किडे अलगद पकडतो. दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची तो हुबेहूब नक्कलही करतो.

जून महिन्यात पावसाबरोबर येथे एक इवलासा पाहुणा येतो. त्याचे नाव तिबोटी खंड्या. बहुतेक पक्ष्यांच्या पायांस चार बोटे असतात; याला तीनच, म्हणून हे नाव. चिमणीएवढा हा पक्षी निळ्या, जांभळ्या, नारिंगी अशा नाना रंगांनी नटलेला असतो. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत नर व मादी चोचीने बीळ कोरतात आणि मादी त्यात अंडी घालते. सुमारे सतरा दिवसांनी पिले बाहेर येतात. मग आईबाप खेकडे, पाली, नाकतोडे पकडून दिवसभर त्यांना भरवीत असतात.

येथेच पाहणाऱ्याच्या संयमाची कसोटी लागते. छायाचित्राच्या मोहाने कोणी बिळाच्या अगदी जवळ जाऊन बसला, तर चोचीत घास धरलेला पक्षी दूरच्या फांदीवर खोळंबून राहतो. आत पिले भुकेने ओरडत असतात. पाहणाऱ्याला घटकाभराची गंमत वाटते, पण पिलांचा त्यात प्राणही जाऊ शकतो.

थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी असा संयम पाळला. याच जिल्ह्यातील अलिबागजवळच्या किहीम गावी १९३० साली ते सुगरणीच्या वसाहतीचे दिवसेंदिवस निरीक्षण करीत राहिले. त्यातून त्यांना एक नवी गोष्ट उमगली. घरटी नर विणतो. अर्धवट घरटे मादी नीट पारखते आणि पसंत पडले तरच तेथे संसार थाटते. पुढे तो नर दुसरे घरटे बांधून दुसऱ्या मादीस बोलावतो. हे ज्ञान त्यांना बंदुकीने वा पिंजऱ्याने मिळाले नाही. एका जागी स्वस्थ बसून पाहिल्याने मिळाले.

कर्नाळ्यास जाण्यास पहाटेची वेळ उत्तम. कपडे मळकट वा हिरवट असावेत, पाऊल हलके असावे आणि बोलणे शक्यतो टाळावे. जवळ दुर्बीण असल्यास उत्तम. नसली तरी कान व डोळे पुरेसे आहेत. पाहिलेल्या पक्ष्याचा आकार, रंग, चोच, आवाज आणि दिनांक वहीत टिपून ठेवावा.

या अरण्यातूनच महामार्ग जातो व वाहनांचा गोंगाट अहोरात्र चालू असतो. सभोवतालची गावे आणि शहरे वाढत आहेत. पाखरांना मात्र येथून दूर जावयास फारशी जागा उरलेली नाही. म्हणून येथे येणाऱ्याने कागदाचा कपटाही मागे टाकू नये, घरट्यास हात लावू नये आणि रानाची शांतता भंगू देऊ नये. रान पाखरांचे घर आहे; तेथे माणसाने पाहुण्यासारखे वागावे.