नेम आणि लाल ठिपका

बंदुकीवर बसविण्याच्या लाल ठिपक्याच्या नेमयंत्राविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. तो प्रथम दूर केला पाहिजे. चित्रपटात शत्रूच्या छातीवर जो तांबडा ठिपका नाचताना दिसतो, तो लेसरचा. आम्ही ज्याविषयी बोलत आहोत तो ठिपका लक्ष्यावर पडतच नाही; तो केवळ नेम धरणाऱ्याच्या डोळ्यास दिसतो.

साध्या बंदुकीने नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन वस्तू एका रेषेत आणाव्या लागतात. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. चाळिशी उलटलेल्या माणसास तर माशीच अंधुक दिसू लागते. डब्लिनचे दुर्बीणकार सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली यावर तोड काढली. परावर्तन करणाऱ्या वक्र काचेच्या नाभीवर प्रकाशबिंदू ठेवला की त्याचे परावर्तित किरण समांतर निघतात, आणि तो बिंदू फार दूर असल्यासारखा भासतो. मग डोळा किंचित इकडेतिकडे झाला तरी नेम फारसा ढळत नाही. १९१८ साली जर्मनांनी हे तत्त्व लढाऊ विमानांत वापरले. १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेच्या ठिपक्याचे यंत्र बंदुकीसाठी बाजारात आणले.

आता निवडीचा प्रश्न. पहिली कसोटी आपल्या डोळ्याची. ठिपका फाटल्यासारखा, शेपटी असल्यासारखा दिसला, तर यंत्र हातात धरून गोल फिरवून पाहावे. शेपटी यंत्राबरोबर फिरली नाही, तर दोष डोळ्याचा समजावा आणि पैसे मोजण्यापूर्वी नेत्रवैद्याकडे जावे.

दुसरी कसोटी ठिपक्याच्या आकाराची. हा आकार कलांमध्ये मोजतात. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. २ कलांचा ठिपका १०० मीटरवर सुमारे ६ सेंटिमीटर जागा झाकतो, ६ कलांचा सुमारे १७. म्हणून दूरच्या, बारीक लक्ष्याला लहान ठिपका बरा. जवळच्या, झटपट नेमाला मोठा.

तिसरी कसोटी बांधणीची. उघड्या बांधणीच्या यंत्रात दिव्यावर पावसाचा थेंब बसला की ठिपका बिघडतो किंवा नाहीसा होतो. बंद बांधणीचे यंत्र थोडे जड, पण कोकणासारख्या पावसाळी मुलखात तेच भरवशाचे. उजेड कमीजास्त करण्याची सोय आणि बॅटरीचे आयुष्य हेही पाहावे.

मात्र ज्याला ऑलिंपिकच्या वाटेने जायचे आहे, त्याने हा खर्च करू नये. तेथील पिस्तूल स्पर्धांत असा ठिपका निषिद्ध आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळविले, तेही बारीक छिद्रातून नेम धरून.

शेवटी एक गोष्ट. यंत्र बसविल्यावर मैदानात गोळ्या झाडून ते जुळवून घेतलेच पाहिजे. न जुळविलेला ठिपका ठामपणे खोटे सांगतो. आणि जुळविल्यानंतरही नजर ठिपक्यावर खिळवू नये, लक्ष्यावर ठेवावी. समोर काय आहे, आणि त्याच्या मागे कोण उभे आहे, हे ओळखण्याचे काम कोणत्याही काचेने आपल्या अंगावर घेतलेले नाही.