जमिनीच्या पोटातील बोजा

प्लॉट घेणारा नागपूरचा मध्यमवर्गीय गृहस्थ कागदपत्रांच्या बाबतीत आता बराच सावध झाला आहे. जमीन अकृषक झाली आहे काय, ले-आऊट मंजूर आहे काय, आर. एल. मिळाले आहे काय, आखीव पत्रिकेवर एखाद्या बँकेचा बोजा तर नाही ना, हे सारे तो वकिलाकडून तपासून घेतो. त्या जमिनीच्या पोटात काय आहे, हा प्रश्न मात्र तो विचारीत नाही. विचारला तरी त्याचे उत्तर देणारा कागद त्या पुडक्यात नसतो.

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने काही वर्षांपूर्वी शहराच्या सीमेवर असाच एक प्लॉट घेतला. पाया खणू लागल्यावर दोन हातांवर लागली ती करडी राख, चिंध्या, काचा आणि कुजका वास. मूळचा खोलगट भाग कोणीतरी मिळेल त्या वस्तूने भरून वर मुरूम पसरला होता. विकणाऱ्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. त्याला कोणी विचारलेच नव्हते. घर झाले, पायाचा खर्च मात्र अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. आणि अंगणातील बोअरचे पाणी ती मंडळी आजही पिण्यास वापरीत नाहीत.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले, तेव्हा या प्रकरणाची आठवण झाली. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची माहिती द्यावी, राज्य मंडळाने तपासणी करावी, ज्याने घाण केली त्याच्याकडून शुद्धीकरणाचा खर्च वसूल करावा, अशी ही रचना आहे. नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा निश्चित झालेल्या होत्या व शुद्धीकरण केवळ ७ ठिकाणी सुरू होते. नियम हवेच होते. तथापि किरणोत्सर्गी पदार्थ, खाणकाम, समुद्रातील तेल यांबरोबरच घनकचऱ्याचे डेपोही त्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. म्हणजे आमचे भांडेवाडी सर्वसाधारणपणे या नियमांत येत नाही. औष्णिक केंद्रांच्या राखेसाठी तर डिसेंबर २०२१ ची वेगळीच अधिसूचना आहे, आणि तिच्यानुसार सखल जमिनी राखेने भरण्यास सशर्त मुभा आहे. कोराडी-खापरखेड्याच्या शेजारी राहणाऱ्या या शहराला राख म्हणजे काय हे सांगावयास नको. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती शेतांत शिरलेली सर्वांनी पाहिली. भरावात गेलेली राख दिसत नाही, एवढाच फरक.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जमिनीत विषारी द्रव्य असणे आणि त्यापासून धोका असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. द्रव्य आहे, ते माणसापर्यंत पोहोचण्याची वाट आहे, आणि वाटेच्या शेवटी माणूस आहे, असे तिन्ही जुळले म्हणजे धोका. वाट विहिरीच्या पाण्याची असेल, धुळीची असेल, अंगणातील भाजीची असेल, किंवा कचरा कुजून निघणाऱ्या वायूची. यांपैकी एक कडी तोडली तरी पुष्कळ काम होते. माती उचलून नेता येते, अभेद्य थराने झाकता येते, नाहीतर तेथे घरांऐवजी गोदाम बांधता येते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. कारण प्रत्येक जमीन तळापर्यंत धुऊन काढण्याइतका पैसा कोणत्याही देशाजवळ नाही. परंतु कोणती कडी तोडायची हे ठरविण्यासाठी आधी खाली काय आहे ते ठाऊक असावयास हवे, आणि ते ज्ञान जमिनीबरोबर हस्तांतरित होत नाही.

अमेरिकेतील लव्ह कॅनॉलचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. एका रासायनिक कंपनीने नायगारा फॉल्स शहरातील एका जुन्या कालव्यात सुमारे वीस हजार टन टाकाऊ रसायने पुरली आणि १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळाला एक डॉलरला विकली. खरेदीखतात रसायनांचा उल्लेख होता! तेथे शाळा झाली, भोवती वस्ती झाली. घरे घेणाऱ्यांना मात्र ते खरेदीखत कोण दाखविणार? १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. आपल्याकडे मालाडच्या जुन्या कचराभूमीवर कार्यालये उभी राहिली, तेव्हा खालून येणाऱ्या वायूंनी तेथील संगणक गंजत असल्याच्या बातम्या आल्या होत्या.

'ज्याने घाण केली त्याने भरावे' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछडी प्रकरणी १९९६ मध्येच मान्य केले. कंपन्यांनी रक्कम भरली नाही म्हणून २०११ मध्ये त्याच न्यायालयाला चक्रवाढ व्याज लावावे लागले. भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत हलविला गेला. पण तेथील दूषित मातीचा अंदाज, आमच्याच वर्धा मार्गावरील 'नीरी'ने सहभाग घेतलेल्या अभ्यासानुसार, सुमारे ११ लाख टनांचा आहे. वसुलीला दशके लागतात, आणि दरम्यानच्या काळात जमिनी विकल्या जातच असतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बँकेच्या कर्जाचा बोजा जसा आखीव पत्रिकेवर व सातबाऱ्यावर चढतो, तशी भरावाची, राखेची, जुन्या कारखान्याच्या वापराची नोंदही चढावी. मंडळाच्या यादीत नाव असणे पुरेसे नाही. प्लॉट घेणारा शिक्षक मंडळाची यादी पाहावयास जात नाही, तो आखीव पत्रिका पाहतो. यावर आक्षेप येईल की जमिनींचे भाव पडतील. पडतील, परंतु भाव आजही पडलेलाच असतो, फक्त तो पाया खणताना कळतो आणि तो फरक शेवटचा खरेदीदार भरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशी नोंद झालेल्या जमिनीला कोणी हात लावणार नाही, ती ओसाड राहील आणि शहर मात्र बाहेरची चांगली काळी शेती गिळत जाईल. यासाठी नोंद उतरविण्याची वाटही सोपी हवी. कर्ज फिटले की बँकेच्या पत्रावरून बोजा कमी होतो. त्याचप्रमाणे शुद्धीकरण होऊन मातीपाण्याची तपासणी समाधानकारक ठरली, की मंडळाच्या दाखल्यावरून नोंद कमी व्हावी. घरांसाठी दाखला वेगळा, गोदामासाठी वेगळा. भूमापन कार्यालयातील कारकुनांवर कामाचा आधीच किती भार आहे याची मला कल्पना आहे. पण फेरफाराची ही पद्धत त्यांच्या अंगवळणी पडलेलीच आहे, त्यांना फक्त एक रकाना वाढवून द्यावयाचा आहे.