हौसेच्या यादीतलं भौतिकशास्त्र

२९ ऑगस्ट १९७४ला लुईझे पिएख सत्तर वर्षांच्या झाल्या. फर्डिनांड पोर्शे यांची ही लेक. वाढदिवसाला घरच्या पोर्शे कंपनीनं त्यांना भेट दिली ती ९११ टर्बो, आणि तीही पहिलीच. बाहेरून चंदेरी, इंजिन २४० अश्वशक्तीचं, आणि दार उघडलं की सीटवर चक्क लाल-निळ्या चौकडीचं स्कॉटिश कापड!

आज स्पोर्ट्स कार घेणाऱ्यापुढे अशाच निवडींची लांबलचक यादी येते. सीट कोणती, तिच्यावर चामडं की कापड, रंग साधा की मेटॅलिक, चकचकीत की मॅट. इंजिनाचा निर्णय चुटकीसरशी होतो आणि शिवणीच्या दोऱ्याच्या रंगावरून घरात आठवडाभर खल चालतो. हसू येतं खरं, पण तो खल अगदीच वायफळ नसतो. पिस्टन, टर्बो, गिअर ही मंडळी कायम झाकलेली. गाडी आपल्याला भेटते ती डोळ्याला आणि पाठीला, आणि या दोन भेटींमागचं विज्ञान इंजिनाइतकंच थक्क करणारं आहे.

आधी पाठ. चांगल्या टायरांवरची स्पोर्ट्स कार जोरात वळते तेव्हा सुमारे एक ‘जी’ इतका आडवा जोर तयार होतो. म्हणजे सत्तर किलोचा माणूस स्वतःच्या अख्ख्या वजनाइतक्या ताकदीनं बाजूला रेटला जातो. सपाट सीटवर तो गुडघा दाराला टेकवील, स्टिअरिंगला लोंबकळेल, आणि ज्या हातांनी गाडी वळवायची त्याच हातांनी स्वतःला सावरत बसेल. सीटच्या दोन्ही कडा उंच असतात त्या यासाठी. त्या मांड्या आणि बरगड्या धरून ठेवतात, हात मोकळे राहतात.

बकेट सीट याच्याही पुढे जाते. कार्बन फायबरचं एकसंध कवच आणि त्यावर जेमतेम गादी. जाड फोम रस्त्याकडून येणारी बातमी गिळून टाकतो. पातळ गादीतून ती थेट मणक्यापर्यंत पोचते. मागचं चाक सुटायला लागलंय हे अनुभवी ड्रायव्हरला नजरेआधी बैठकीतून कळतं. पण याची किंमत रोज मोजावी लागते. एकसंध कवचाची पाठ मागे रेलत नाही, आणि चढता-उतरताना ती उंच कड ओलांडताना कंबर कुरकुरते.

मग त्यावर चढवायचं काय? चामडं देखणं आणि टिकाऊ, पण गुळगुळीत. वळणावर माणूस त्यावरून सरकतो. कापडाला पकड असते आणि घामही कमी येतो. म्हणून कित्येक सीटना मधोमध कापड आणि सतत घासल्या जाणाऱ्या कडांना चामडं, अशी वाटणी दिसते. पोर्शेनं या कापडांचे लाडही केले. १९६५ पासून ९११ला काळ्या-पांढऱ्या दातेरी चौकटींचं ‘पेपिटा’ मिळू लागलं. १९७७ला आलेल्या ९२८मध्ये ‘पाशा’ अवतरलं. जवळून पाहावं तर नुसते आयत. पण काही रुंद, काही चिंचोळे, आणि त्यांचा आकार असा बदलत जातो की सपाट कापडावर लाटा उठल्यासारख्या वाटतात. शर्यत संपताना फडकणारा चौकटींचा झेंडा पोर्शेला सीटवर आणायचा होता. २०२५मध्ये ‘९११ स्पिरिट ७०’ या गाडीतून पाशा परतलंसुद्धा.

सगळ्यांत अजब कापड मात्र अल्कांतारा. १९७०मध्ये जपानच्या तोरे कंपनीतले मियोशी ओकामोतो यांनी ते शोधलं. युक्ती अशी: धागा ओढताना पॉलिएस्टरचे असंख्य अतिसूक्ष्म तंतू दुसऱ्या एका प्लास्टिकमध्ये बेटांसारखे विखुरलेले ठेवायचे, आणि नंतर भोवतीचा तो ‘समुद्र’ विरघळवून काढून टाकायचा. मागे उरतात इतके बारीक तंतू, की थेट कातून ते मिळालेच नसते. पॉलियुरेथेननं ते बांधले की हरणाच्या कातड्यासारखा मऊ पृष्ठभाग तयार. आज ते इटलीत, उंब्रिया प्रांतातल्या नेरा मोंतोरो इथं बनतं. त्याची लव प्रकाश परतवत नाही, म्हणून डॅशबोर्डच्या माथ्यावर ते लावलं की समोरच्या काचेत प्रतिबिंब पडत नाही. स्टिअरिंगवर मात्र हाताचं तेल आणि घाम बसून लव चिकटते, तेव्हा निगा राखायची तयारी हवी.

काही जण तर उलटीच हौस करतात. १९७३च्या ९११ कॅरेरा आरएस २.७चं ‘स्पोर्ट’ रूप घेणाऱ्यांनी मागची सीट, घड्याळ, जाड गालिचे यांच्यावर पाणी सोडलं. दार ओढायला हँडलऐवजी नुसता पट्टा. वजन ९६० किलो. सगळ्या सोयी असलेलं ‘टूरिंग’ रूप १०७५ किलोचं.

आता डोळा. रंगकामाची सुरुवात हौदात होते. गाडीचा उघडा सांगाडा त्यात बुडवून वीज सोडतात आणि रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात. एखादी जागा झाकली गेली की तिथून वीज जायला अडथळा होतो, मग ती आपसूक उघड्या जागांकडे वळते. ब्रश कधीच पोचणार नाही अशा सांदीकोपऱ्यांतही थर चढतो. त्यावर प्रायमर, मग रंग, मग पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यातला खरा रंगाचा थर केसापेक्षाही पातळ!

आणि एवढ्याशा जागेत केवढे खेळ! मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. वाळताना थर आकसतो आणि त्यांना दाबून आडवं निजवतो. त्यांचे इवले आरसे होतात. समोरून पाहिलं तर उजळ, तिरकं पाहिलं तर गडद. चंदेरी गाडीच्या मडगार्डाचा बाक एवढा उठून दिसतो तो या उजेड-अंधाराच्या उतरणीमुळे. पर्ल रंगात अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा इतका पातळ लेप असतो, की त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूंवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना भिडतात. काही रंग खुलतात, काही मावळतात. मॅटमध्ये क्लिअर कोटचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो, त्यामुळे प्रकाश सगळीकडे विखुरतो. त्याला चुकून पॉलिश मारलं की तेवढाच डाग चकाकतो, आणि तो परत मॅट होत नाही.

रंगाला इतिहासही चिकटलेला असतो. एके काळी शर्यतीत गाडीचा रंग देशावरून ठरे: इटली लाल, फ्रान्स निळा, ब्रिटन हिरवा, जर्मनी आधी पांढरा आणि पुढे चंदेरी. फेरारीचा लाल तिथलाच. तरीही १९६४मध्ये इटलीच्या मोटारसंघटनेशी बिनसलं, तेव्हा एन्झो फेरारी यांनी मोसमाच्या शेवटच्या दोन शर्यतींत गाड्या निळ्या-पांढऱ्या रंगात उतरवल्या. त्यांचे ड्रायव्हर जॉन सर्टीस यांनी त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याच रंगात मिळवलं.

रंग असा बघण्याच्या कोनावर बदलतो, म्हणून त्याची नमुना-पट्टी टेबलावर ठेवून पाहू नये. उन्हात न्यावी, उभी धरावी, तिरकी करावी, सावलीत आणावी. आणि दुरुस्तीचाही विचार करावा. मेटॅलिकची शेड कोडप्रमाणे तंतोतंत कालवली तरी जुळेलच असं नाही. स्प्रे गनचा दाब, अंतर, थर किती ओला बसला, यावर कण कसे निजतात ते ठरतं. थर ओला बसला तर शेड गडद येते, कोरडा बसला तर उजळ. म्हणून मुरलेला पेंटर एकट्या दारावर थांबत नाही; शेजारच्या पत्र्यावरही रंग विरवत नेतो, म्हणजे फरक कुठे सुरू झाला ते कळत नाही. मॅटला तर छोटा ओरखडाही अख्खा पत्रा रंगवायला लावतो. तेव्हा साध्या सॉलिड रंगाला कुणी कंटाळवाणा म्हटलंच, तर त्याची एकदा मेटॅलिकचा बंपर रंगवून घेतलेल्या माणसाशी गाठ घालून द्यावी.