घार नव्हे, सर्पगरुड

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचं अभयारण्य लागतं. आसपासच्या वाड्यांवर सकाळची उन्हं चढली की आभाळातून मोठी शीळ ऐकू येते. पुष्कळ जणी म्हणतात, ‘घार आली, पिल्लं झाका.’ पण शीळ घालत डोंगरावर घिरट्या घेणारा तो पक्षी बहुतेक वेळा सर्पगरुड असतो.

ओळखायचं कसं? घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते. सर्पगरुडाची शेपटी गोलसर, आणि तिच्यावर रुंद पांढरा पट्टा. उडताना पंखांच्या कडेलाही तसाच पट्टा दिसतो. बसलेला असला तर पिवळे डोळे, पिवळे पाय आणि डोक्यामागचा तुरा पाहावा. घार बाजारात, उकिरड्यावर फिरते. सर्पगरुड सहसा रान सोडत नाही. ओढ्याकाठच्या फांदीवर तो बराच वेळ गप्प बसतो आणि साप दिसला की वरून झेप घेतो. साप, सरडे, बेडूक हेच त्याचं मुख्य खाणं.

हिमालयाच्या पायथ्यापासून केरळ, श्रीलंका आणि पूर्वेला थेट इंडोनेशियापर्यंत हा पक्षी आहे. आपल्या राज्यात सह्याद्रीत, मेळघाटात, ताडोबातही आहे. एवढा मोठा मुलूख, मग काळजी कसली? पण या मुलखात तो सगळीकडे नसतो. त्याला उंच, जुनी झाडं लागतात आणि जवळ पाणी. झाडं गेली की तोही जातो. जुनं लुगडं मधेच विरतं, तसा त्याचा मुलूख आतून विरत जातो.

कर्नाळा अभयारण्य १९६८ साली झालं. २००३ मध्ये ते वाढवलं, तरी क्षेत्र बारा चौरस किलोमीटरच आहे आणि त्यातून महामार्ग जातो. म्हणून बाहेरची आपली वरकस जमीन आणि ओढ्याकाठची झाडंही त्याच्यासाठी मोलाची आहेत.

मादी बहुधा एकच अंडं घालते. ते उबायला सुमारे चाळीस दिवस आणि पिल्लू उडायला आणखी दोन महिने लागतात. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत हे चालतं. नेमकी तेव्हाच आपली राबाची भाजणी, सरपण आणि लाकूडतोड असते. घरट्याचं झाड पडलं की त्या जोडीचं अख्खं वर्ष वाया जातं.

दवाखाना, लग्न, शाळेची फी अशा अडचणीला झाड विकावं लागतं, हे आम्ही जाणतो. म्हणून झेपेल तेवढंच सांगतो. दिवाळीनंतरच्या बैठकीत ओढ्याकाठच्या उंच झाडांची यादी करा. ठेकेदाराशी सौदा करताना ‘ही झाडं सोडून’ असं आधीच ठरवा. राब भाजण्याआधी चारी बाजूंचा पाला झाडून मोकळी पट्टी करा आणि वारा असताना काडी लावू नका. सरपणाला पडलेलं, वाळलेलं लाकूड घ्या.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार या पक्ष्याची शिकार करणं, त्याची अंडी काढणं गुन्हा आहे. जखमी पक्षी सापडला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आणि पुन्हा शीळ ऐकू आली, तर दगड उचलण्याआधी एकदा शेपटीकडे बघा.